आउटबॉक्समधलं नाव

शशिकांतला ते पहिल्याच मिनिटात कळलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी त्याची बाजू घ्यायला नको.

दोन हजार आठचा नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळचे सहा. जबलपूरला, खमरियाच्या सरकारी क्वार्टरमध्ये फोन वाजला. पोलंडहून रत्नाकर बोलत होता, शशिकांतचा थोरला भाऊ. पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीनं सहा आठवड्यांसाठी तिकडच्या एका कारखान्यात मशीन शिकायला धाडलेला. तिकडे दुपारचा दीड वाजलेला, जेवणाची सुटी.

"शशी, अरे एक भानगड झाली," रत्नाकर म्हणाला. "मेल सगळ्या येऊन राहिल्या, पण माझी एकही जाऊन नाही राहिली. पाठव म्हटलं की आउटबॉक्समध्ये जाऊन बसते अन् तिथंच राहते. अन् तुला माहीत आहे कोणती मेल आहे ती."

माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

शशिकांतचे वडील गुलाबराव गजभिये खमरियाच्या सरकारी फॅक्टरीत फिटर होते. त्यांचे वडील भंडाऱ्याहून इकडे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यं नव्यानं आखली, नागपूर तिकडे गेलं आणि गजभिये इकडे राहिले, घरात मराठी अन् दारात हिंदी बोलत. गुलाबराव त्याच वर्षी जूनमध्ये गेले. रिटायरमेंटला तीन वर्षं बाकी होती. सकाळच्या शिफ्टला निघताना सायकल काढता काढता खाली बसले, ते परत उठलेच नाहीत.

नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळते. एकालाच. आणि इथे दावेदार दोन: शशिकांत, आणि त्याची मोठी बहीण शैलजा. शैलजाला नवऱ्यानं सोडून सहा वर्षं झाली होती. कोर्टाचा कागद घेऊन ती माहेरी आली आणि रांझीच्या एका खासगी शाळेत शिकवू लागली. आई मालनबाईनं हात वर केले. "मले दोघंही सारखे," ती म्हणाली. "थोरला ज्याचं नाव लिहील त्याचं खरं." मग आई, शैलजा, शशिकांत, तिघांनीही सह्या करून दिल्या की रत्नाकर जे नाव देईल ते आम्हाला मान्य. राहिलं फक्त रत्नाकरचं पत्र. तो परदेशात, म्हणून फॅक्टरीच्या ऑफिसातल्या भैयालालबाबूंनी सवलत दिली: सही केलेलं पत्र स्कॅन करून मेलनं पाठवा, पण फॉर्मवर त्याचा जो मेलचा पत्ता लिहिलाय त्याच पत्त्यावरून, आणि चौदा तारखेच्या शुक्रवारी पाचच्या आत.

आणि मेल नाही आली तर? हे शशिकांतनं एकट्यानं जाऊन विचारलं होतं. भैयालालबाबू फाइल बांधता बांधता म्हणाले, "नहीं आई तो तुम्हारे पिताजी का पुराना कागज देखेंगे। उसमें आश्रित में छोटा बेटा लिखा है, मतलब तुम। बेटी का तो तब ब्याह हो चुका था।" हे शशिकांतनं घरी येऊन कोणाला सांगितलं नाही.

तर आता सांगा, मेल जावी असं त्याला कशाला वाटेल?

रत्नाकर कोणाचं नाव लिहिणार हे त्याच्या मते स्पष्टच होतं. लहानपणापासून दादा अन् ताई एका बाजूला आणि हा एका बाजूला. दादाची पुस्तकं ताईला मिळायची, ताईची ह्याला, तोवर त्यांची पानं गळालेली. दादाला ताईची कीव यायची. बिचारीचं असं झालं, बिचारीचं तसं झालं. शशिकांतचं काय झालं हे कोणी विचारत नव्हतं. तीस वर्षांचा घोडा, बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर गुणवंतभैयाच्या सायबर कॅफेत सात वर्षं बसून राहिलेला. उन्हाळ्यात मझौलीला जाऊन अंजनीला बघून आला होता. मुलगी पसंत, मुलीला हा पसंत. तिचे वडील मास्तर. त्यांनी चहा पाजला आणि गोड आवाजात म्हणाले, "पक्की नोकरी लागू द्या, मग बोलू." त्या दिवसापासून शशिकांतच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. रात्रंदिवस अंजनी, आणि अंजनीच्या अलीकडे ती नोकरी.

पण त्यानं नुसतं विचारायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. दादा, पत्रात कोणाचं नाव लिहिलं, एवढंच. नाही विचारलं, आणि त्याचं कारण बाबा. फार वर्षांपूर्वी गुलाबरावांचं प्रमोशन व्हायचं होतं. यादीत नाव आलंय असं कोणीतरी कानात सांगितलं, आणि त्या भोळ्या माणसानं ऑर्डर निघायच्या आधीच बडा फुहाऱ्यावरून खोव्याची जलेबी आणून क्वार्टरांच्या अख्ख्या लायनीत वाटली. आठ दिवसांत निनावी अर्ज गेला, चौकशी लागली आणि प्रमोशन अडीच वर्षं लांबलं. तेव्हापासून गजभियांच्या घरात कायदाच झाला: कागद हातात येईस्तोवर नाव तोंडातून काढायचं नाही. भिंतीपलीकडे पार्वताबाई राहायची, आणि ह्या क्वार्टरमध्ये कोणी शिंकलं तर ती तिकडून विचारायची की सर्दी झाली का.

त्या पहिल्या फोनवरच, स्पीकर चालू असताना, रत्नाकर म्हणाला होता, "अरे शशी, मी जे नाव लिहिलं आहे ना पत्रात, ते..."

"चूप!" मालनबाई ओरडलीच. "बाबाचं विसरला का रे? नाव घेऊ नको!"

"बरं बरं," रत्नाकर हसला. "कळेलच सगळ्यांना."

आता ती मेल काहून अडकली होती, तेही ऐका. गोष्ट एवढीशी होती. पोस्टातून आपली पत्रं आपण कुठूनही, ओळख दाखवून, घेऊ शकतो. पण पत्र टाकायला गेलात तर तिथला बाबू फक्त आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाचं विचारपूस न करता घेतो. बाहेरगावच्याला म्हणतो, आधी ओळख दाखव. ह्या मेलच्या कंपनीचंही तसंच. घरच्या नेटवर असलात तर जाणारी मेल मुकाट्यानं घेणार, परदेशातून आलात की नाही घेणार. मग सेटिंगमध्ये जाऊन, 'जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरलाही नाव-पासवर्ड दाखव' ह्या ओळीसमोर एक टिक करायची, आणि पोर्टच्या खान्यात पंचवीस खोडून पाचशे सत्त्याऐंशी लिहायचं. संपलं. चार मिनिटांचं काम, तेही हळूहळू केलं तर.

शशिकांतला हे पाठ होतं. त्यानं ते शेकड्यानं लोकांना करून दिलं होतं.

"हं," तो फोनवर म्हणाला. "दादा, असं कर. कम्प्युटर बंद करून परत चालू कर."

इथून सुरुवात झाली. रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. शशिकांत मुद्दाम स्पीकरचं बटन दाबायचा, म्हणजे आई आणि ताईला ऐकू जावं की पोरगा कसा जीव तोडून मदत करतो. बुधवारी त्यानं रत्नाकरला अँटिव्हायरस काढायला लावला. गुरुवारी आख्खं खातं पुसून नव्यानं भरायला लावलं. त्यात सुटी संपली आणि रत्नाकर उपाशीच कामावर गेला. शुक्रवारी त्यानं येणाऱ्या मेलच्या खान्यात खाडाखोड करवली, तर येणाऱ्या मेलही बंद पडल्या. शनिवारी त्या पुन्हा चालू करून दिल्या आणि वर म्हणाला, "बघ, थोडं थोडं जमून राहिलं आहे." रत्नाकर बिचारा थँक्यू म्हणाला.

रत्नाकर काही मूर्ख नव्हता. त्यानंही वाटा शोधल्या. फुकटच्या मेलवरून पाठवतो म्हणाला, पण गेस्टहाउसच्या नेटवर ती पानं कंपनीनं बंद करून ठेवलेली, आणि कारखाना गावापासून लांब, रानात. दुसऱ्या पत्त्यावरून आली तर ऑफिस घेणार नाही, हेही होतंच. "इथल्या कोणाला विचारू का?" त्यानं एकदा विचारलं. शशिकांतची जीभ लगेच चालली. "विचार की. पण त्यांच्यासमोर ती मेल उघडावी लागेल. घरची गोष्ट तुझ्या ऑफिसात जाईल. बाबांना चाललं असतं का?" बाबांचं नाव काढलं आणि दादानं तो विचार सोडला. मेलेल्या बापाला असा कामाला लावला त्यानं.

शैलजा रोज फोनपाशी येऊन बसायची. शाळेतून येऊन हातपाय धुवून, वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. मार्क द्यायची आणि कान फोनकडे. "नीट सांग रे त्याला शशी," ती म्हणायची. "ही मेल जायलाच पाहिजे."

"सांगूनच राहिलो ना ताई. तुझ्यासमोर."

"हो, पण एकेक सांग. घाई नको करू."

किती घाई झाली आहे बघा हिला, शशिकांत मनात म्हणायचा. वरून तोंड असं की जशी गरीब गाय. एक दिवस तिनं त्याची आयटीआयची मार्कशीट आणि जातीचा दाखला कपाटातून काढला. त्यानं पाहिलं आणि झडप घालून दोन्ही कागद हातातून ओढले.

"माझे कागद काहून घेऊन राहिली?"

"झेरॉक्स काढून ठेवते म्हटलं. लागतील तेव्हा धावपळ नको."

"मला लागतील तेव्हा मी काढीन." त्यानं कागद आपल्या बॅगेत कोंबले. त्याला खात्रीच पटली की ही बया आपले कागद दडवायला निघाली होती. शैलजा वह्या उचलून आत गेली. तेव्हा जरा जरी डोकं चालवलं असतं त्यानं! पण डोक्यात विष भरलं की माणसाला स्वतःचे कागदसुद्धा दुसऱ्याच्या कटात दिसतात.

पुढचं मात्र त्यानं जे केलं ते मला सांगतानाही राग येतो. सोमवारी फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काहून रे एवढे दिवस लागून राहिले? तुले तर सगळं येते."

शशिकांतनं एक मोठा सुस्कारा सोडला. "आई, माझ्याकडून सगळं करून झालं. मला वाटते, दादालाच पाठवायची नाही. मेल जात नाही म्हणणं सोपं असते ना."

"म्हणजे?"

"म्हणजे नोकरीवाला माणूस तो. आपण जगलो काय, मेलो काय. ताई, वाईट वाटून घेऊ नको, पण ज्यानं तुला एकदा त्या घरी दिलं, स्थळ त्यानंच आणलं होतं ना, त्याला तुझं किती पडलं आहे ते तुलाच माहीत."

शैलजाच्या हातातला लाल पेन थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनं खाली बघितलं. मालनबाई मात्र पेटली. दुसऱ्या दिवशी फोन आला तसा तिनं शशिकांतच्या हातातून रिसीव्हर हिसकला. "बापाच्या राखेची लाज धर रे! सहा महिने नाही झाले त्याले जाऊन! तू पोलंडात बसून मजा मारून राहिला अन् इथं आम्ही क्वार्टर खाली करायची वाट पाहून राहिलो! असा पोरगा होण्यापेक्षा मी वांझ राहिली असती तर बरं होतं!" स्पीकरमधून रत्नाकरचा आवाज येत होता, आई, आई ऐक ना, अगं आई. मग तो आवाज फाटला. पस्तिशी ओलांडलेला बाप्या दुसऱ्या देशात जेवणाच्या सुटीत उभा राहून रडत होता, आणि शशिकांत फोनच्या वायरीचा पीळ सोडवत होता.

असे बुधवार, गुरुवारही गेले. मेल तिथेच. गुरुवारी रत्नाकर नुसता एवढंच म्हणाला, "शशी, उद्या शेवटचा दिवस. तू सांगशील ते करतो बाबा." शशिकांत म्हणाला, "उद्या सहाला कर फोन, काहीतरी जमवू." ऑफिस पाचला बंद होणार होतं. सहाला कर म्हणाला!

शुक्रवार, चौदा तारीख. शशिकांत सकाळी शीळ घालत सायबर कॅफेच्या दुकानात गेला, इतका खुशीत की डबा घरीच विसरला.

त्या दुकानात, जिना चढून आलं की समोरच्या काचेवर एक पर्चा चिकटवलेला होता. हिंदीत, मोठ्या अक्षरांत: 'विदेश में मेल आती है पर जाती नहीं? घबराइए मत।' आणि खाली एक, दोन, तीन, चार, पाच. कुठे जायचं, काय उघडायचं, कोणत्या ओळीसमोर टिक, कोणता आकडा खोडायचा, कोणता लिहायचा. अक्षर शशिकांतचं. दोन वर्षांपूर्वी त्यानंच लिहिला होता. कापडवाले चीनला, बँकॉकला जायचे, पोरं शिकायला जायची, सगळे जाण्याआधी त्याची कॉपी घेऊन जायचे. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू, तो पर्चा तिथे आहे हेच शशिकांत विसरला होता. आणि आठवलं असतं तरी घाबरला नसता. शैलजा कधी तो जिना चढली नव्हती. वर टवाळ पोरं बसलेली असतात म्हणून ती खालूनच हाक मारायची.

दीडच्या सुमारास तो प्रिंटरचं कार्ट्रिज भरून आणायला बाहेर पडला. अडीचला परत आला तर टेबलावर त्याचा डबा.

"तेरी दीदी आई थी," गुणवंतभैया म्हणाला. "आज बाल दिवस है ना, स्कूल जल्दी छूट गया। नीचे से आवाज लगाई, तू था नहीं, तो ऊपर आ गई।"

"अच्छा," शशिकांत म्हणाला.

"वो पर्चा पढ़ती रही बड़ी देर। फिर बोली एक कॉपी दे दो। मैंने कहा, दीदी, आपके भाई का ही लिखा है, आपसे क्या लेना। बड़ी खुश हुई होगी। बोली कुछ नहीं।"

कार्ट्रिज टेबलावर ठेवून शशिकांतनं काचेकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. तिकडे सकाळचे दहा. त्यानं घरी फोन लावला. एंगेज. पाच मिनिटांनी लावला. एंगेज. तीन वाजता लावला, तरी एंगेज. आता मेलो, आता सगळं गेलं, तो स्वतःशीच पुटपुटला. अंजनीचा चेहरा आठवून त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. ताईला काय कळतं त्यातलं, ती तर चित्रकला शिकवते, असंही त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण पर्चा त्यानं मुद्दाम असा लिहिला होता की कोणालाही कळावा.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर मेल आली. रत्नाकरची. त्या अकरा दिवसांत पोलंडहून सुटलेली पहिली मेल.

वर एकच ओळ होती. 'शशी, ताई म्हणाली की हे पत्र तुझ्या पत्त्यावर पाठव.' खाली स्कॅन केलेला कागद. तारीख चार नोव्हेंबर, म्हणजे पहिल्या फोनच्याच दिवसाची. रत्नाकरची सही, आणि हिंदीत दोन वाक्यं. 'मेरे पिता के स्थान पर मेरे छोटे भाई शशिकांत गजभिये को नियुक्ति देने में मुझे कोई आपत्ति नहीं है। मेरी बहन शैलजा ने अपना दावा अपनी इच्छा से छोड़ दिया है।'

त्यानं ते तीनदा वाचलं. शशिकांत गजभिये. तो स्वतः. पहिल्या दिवसापासून आउटबॉक्समध्ये त्याचंच नाव अडकून पडलं होतं आणि तोच त्यावर बसून होता.

लाज वाटली, हो, नाही कशी वाटेल. दीड मिनिट वाटली. मग मात्र छातीत असा आनंद भरला की त्यानं खुर्ची मागे ढकलून दिली आणि गुणवंतभैयाला मिठीच मारली. "भैया, लग गई! नौकरी लग गई!" मेल गेली होती, नाव त्याचं होतं, ताईनं स्वतःच्या हातानं पाठवली होती. ताई ती ताईच! सगळं सोडून दिलं तिनं आपल्यासाठी. पर्च्याचं आपण काहीतरी सांगू, विसरलो होतो म्हणू, ती काय एवढं धरून बसणार आहे. अशी समजूत घालून घ्यायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आणि मग त्यानं ते केलं जे त्याच्या बापानं एकदा केलं होतं. दुकानातूनच मझौलीला मास्तरांना फोन लावला. "लागली नोकरी, मास्तरजी. फॅक्टरीत. पक्की." पलीकडे मास्तरांनी मोठ्यानं अंजनीला हाक मारलेली त्याला ऐकू आली. मास्तर म्हणाले, संध्याकाळी आईंशी बोलतो, तारखेचंच बोलून टाकू. शशिकांत जिना उतरला, बडा फुहाऱ्यावर जाऊन खोव्याची जलेबी बांधून घेतली आणि गाडी खमरियाकडे सोडली.

घरी पोहोचला तेव्हा साडेपाच झाले होते. पार्वताबाई दारात उभीच होती. "जलेबी? काय रे, काय झालं?" तिनं विचारलं. "सांगतो काकू, पहिले आईला देऊ द्या," तो हसत म्हणाला.

आत मालनबाई खाटेवर बसली होती. डोळे सुजलेले. शैलजा खुर्चीवर, मांडीवर वह्या नाहीत. शशिकांतनं जलेबीचा डबा आईच्या हातात दिला आणि वाकून ताईच्या पाया पडला. "ताई, तुझे उपकार मी..."

"ऊठ," शैलजा म्हणाली.

तो उठला. तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला, उघडला आणि त्याच्या हातात दिला. 'घबराइए मत', त्याच्याच अक्षरात.

"ताई, हे मी विसरूनच गेलो होतो, खरंच सांगतो..."

"अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली. "एकेक गोष्ट नीट लिहिली आहे. मी घरी आले, दादाच्या कारखान्यात फोन लावला अन् त्याला एकेक वाचून दाखवलं. चार मिनिटं लागली, शशी. चार. मी घड्याळ लावून पाहिलं."

"ताई..."

"दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो होतो ना आपण, तेव्हा मी दादाला सांगितलं होतं. शशीचं नाव दे म्हणून. तो नाही म्हणत होता. म्हणे, शैलू, तुझं पुढे कसं होईल? मी म्हटलं, माझं चालून राहिलं आहे, त्याचं लग्न अडून राहिलं आहे. बाबांचा कायदा होता, म्हणून बोलले नाही. वाटलं, ऑफिसचा कागदच तुझ्या हातात देऊ." तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "अकरा दिवस मी तुझ्या शेजारी बसून होते. तुला वाटून राहिलं होतं की माझं नाव चाललं आहे. अन् तू ते दाबून ठेवलं. माझ्यासमोर बसून."

"चुकलो मी ताई. पण आता झालं ना सगळं? गेली ना मेल? मला आली ती..."

"तुला ती जुनी पाठवली. तुला वाचायला मिळावी म्हणून." शैलजानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "ऑफिसला दुसरी गेली. दादाकडून नवीन लिहून घेतली, माझ्या नावाची. तो म्हणाला, विचार कर. मी म्हटलं, केला. भैयालालबाबूंचा चारला फोन आला होता, पोहोचली म्हणून. फाइलला लावली पण."

शशिकांत आईकडे वळला. "आई, तू सांग ना हिला. आई, अंजनी... मी मास्तरांना सांगून बसलो आहे."

मालनबाईनं जलेबीचा डबा न उघडता खाटेवर बाजूला सरकवला. "माझ्या तोंडातून माझ्या लेकराले शिव्या देवविल्या तू," ती म्हणाली. "वांझ राहिली असती म्हटलं मी त्याले. तो तिकडे एकटा रडत होता अन् तू ऐकत होता." तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. शशिकांत हलला नाही. दोन घंट्या, तीन घंट्या. शैलजानं उठून रिसीव्हर उचलला, ऐकलं, "नमस्कार मास्तरजी, हो, आहे ना घरीच," म्हणाली. मग तिनं स्पीकरचं बटन दाबलं, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि फोन उचलून त्याच्यासमोर आणून ठेवला.

"अभिनंदन जावईबापू!" मास्तरांचा आवाज खोलीभर झाला, मागे बायकांचं हसू. "बोला, कधीची तारीख धरायची?"

"आवाज नीट येऊन राहिला," शैलजा हळूच म्हणाली. "बोल. एकेक सांग. घाई नको करू."